मंडळीकडून दुखावल्यावर विश्वास कसा सांभाळावा: आधी काय, नंतर काय

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दुखावलेला माणूस बहुधा तीनपैकी एक गोष्ट करतो. त्याच आठवड्यात ‘मी क्षमा केली’ म्हणून मोकळा होतो, किंवा पुढच्याच रविवारी दुसऱ्या मंडळीत जाऊन बसतो, किंवा बायबल कपाटात ठेवून देवासकट सगळ्यावर पाणी सोडतो. तिन्ही गोष्टी समजण्यासारख्या आहेत. पण पहिल्या दोन गोष्टी फार लवकर होतात आणि तिसऱ्या गोष्टीत मंडळीचा हिशेब देवाच्या नावावर लिहिला जातो. क्षमेला जागा आहे, नव्या मंडळीलाही आहे, देवाशी भांडायलाही आहे. गडबड होते ती क्रमात.

दुखावणं म्हणजे एकच एक गोष्ट नाही. व्यासपीठावरून नाव न घेता मारलेले टोमणे, हिशेब विचारला म्हणून पडलेला अबोला, विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चार घरी फिरणं, आजारपणाला ‘लपवलेल्या पापाचं फळ’ म्हणणं, आणि थेट लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार, हे सगळं त्यात येतं. खालचे टप्पे सगळ्यांनाच लागू पडतात, पण प्रत्येक टप्प्यावर किती काळ लागेल ते जखमेवर अवलंबून आहे.

## सुरुवात करण्याआधी

तीन गोष्टी हाताशी हव्यात. एक वही, जी घरातलं दुसरं कोणी उघडणार नाही. एक माणूस, जो त्या मंडळीतला नाही आणि पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) नात्यातलाही नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे काही काळ कुठलाही मोठा निर्णय न घेण्याची तयारी. सेवा कायमची सोडणं, लग्न किंवा नोकरीबद्दलचे निर्णय, सार्वजनिक खुलासा, हे सगळं थोडं थांबू शकतं. याला अपवाद एकच, तो पहिल्या टप्प्यात येतो.

माणूस निवडताना घाई करू नका. आधी एखादी छोटी, फार न दुखणारी गोष्ट सांगून बघा. ती तुमच्याकडे फिरून परत आली, किंवा तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरून बायबलचं वचन आलं, तर तो माणूस चांगला असेलही, पण या कामाचा नाही.

## टप्पा १: आधी सुरक्षित व्हा

स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा: हे अजून चालू आहे का? लैंगिक गैरवर्तन, मारहाण, धमकी किंवा लहान मुलाला धोका असेल, तर ते प्रकरण वडीलजनांच्या (मंडळीच्या पुढाऱ्यांच्या) बैठकीचं नाही, पोलिसांचं आहे. आधी मंडळीत ‘आपसात’ मिटवून मग बघू, असं सांगणारे भेटतीलच. त्यांचं ऐकलं तर वेळ जातो, पुरावा जातो आणि कधी कधी पुढचं मूलही बळी पडतं.

इथे बायबलमधलं मत्तय १८:१५ (अध्याय १८, ओवी १५) हमखास पुढे केलं जातं: भावाने अपराध केला तर एकट्याने जाऊन त्याला सांग. हे वचन दोन बरोबरीच्या माणसांमधल्या अपराधाला शोभतं. पीडित माणसाला अत्याचार करणाऱ्यासोबत बंद खोलीत बसवायचा तो परवाना नाही. त्याच अध्यायात थोडं वर, सहाव्या ओवीत, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याबद्दल येशू काय म्हणतो तेही वाचा. अध्याय एकच आहे, पण पहिलं वचन तोंडपाठ असणाऱ्यांना दुसरं सहसा आठवत नाही.

इतर प्रसंगी पुढच्या गोष्टी शांतपणे करा:

- मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका. आधी लागणारे संदेश जपून ठेवा, ग्रुप म्यूट करा. बाहेर पडलात की ग्रुपच्या अॅडमिनना कळतं आणि फोन सुरू होतात.
- खात्यातून आपोआप जाणारा दशांश (मंडळीला दिला जाणारा उत्पन्नाचा दहावा भाग) थांबवा. रागाने नव्हे, हा विषय डोक्यातून काढण्यासाठी.
- तुमच्याकडे किल्ल्या, हिशेब, वाद्यं किंवा संडेस्कूलचं सामान असेल तर त्याची यादी करा, साक्षीदारासमोर परत द्या आणि पोच घ्या. पुढे ‘सामान घेऊन गेला’ असा आरोप होतो तो इथेच.

इशारा: जीव द्यावासा वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आजच डॉक्टरांशी बोला आणि तोवर जवळच्या माणसाला सोबत बसवून घ्या. प्रार्थनाही करा, पण डॉक्टरऐवजी नको.

## टप्पा २: काय घडलं ते लिहा

दुखावलेल्या माणसाच्या मनात घटना आणि निष्कर्ष यांचा गुंता झालेला असतो. ‘पाळक अहंकारी आहेत’ हा निष्कर्ष आहे. घटना अशी लिहा: ‘रविवारी उपासनेनंतर, कार्यालयात, दोन वडीलजनांसमोर, मी इमारत निधीचा हिशेब मागितल्यावर म्हणाले, “तुझ्या घरात शाप आहे तो याच वृत्तीमुळे.” दोघंही गप्प बसले. नंतर एकाने फोन करून सांगितलं, विसरून जा.’ तारीख आठवत असेल तर टाका. नसेल आठवत तर अंदाजे महिना पुरे.

मग खाली दोन ओळी. त्यामुळे माझं काय झालं, आणि हे कोणाकोणाला माहीत होतं. दुसरी ओळ लिहिताना हात अडखळतो, कारण पुष्कळदा एका माणसाच्या बोलण्यापेक्षा दहा जणांचं गप्प राहणं जास्त लागलेलं असतं. तसं असेल तर तसंच लिहा. स्तोत्र ५५ मध्ये हेच आहे. वैऱ्याने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात असे.

लिहून झाल्यावर ठरवा, हे नेमकं काय होतं: निष्काळजीपणा, मतभेद, अन्याय की अत्याचार? आजारपणात कोणी भेटायला आलं नाही हा निष्काळजीपणा. तो लागतो, पण त्याचा उपाय वेगळा. उपासनेत गाणी कोणती असावीत यावरून झालेलं भांडण हा मतभेद. सगळ्याला एकच नाव दिलं तर लहान गोष्टीवर घर जाळल्यासारखं होतं आणि मोठी गोष्ट ‘असतंच असं’ म्हणून खपते.

तपासा: वहीत ‘माझीच चूक’ हे शब्द किती वेळा आलेत ते पाहा. तुमचीही चूक असेल, माणसाची असतेच. पण तुमच्या आवाज चढण्याने त्यांच्या खोटेपणाची भरपाई होत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

## टप्पा ३: शरीराला वेळ द्या

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, कारण तो ‘आत्मिक’ वाटत नाही. १ राजे १९ काढा. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. दूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, दूत पुन्हा खायला देतो. होरेबचा डोंगर आणि देवाचा तो मंद स्वर त्यानंतर येतात. विश्वास कमी पडला असा ठपका त्याच्यावर कुठेही नाही.

रविवारी सकाळी पोटात गोळा येणं, ओळखीच्या गीताचा पहिला सूर ऐकताच छाती दडपणं, पाळकांसारखा शर्ट घातलेला अनोळखी माणूस दिसला की घाम फुटणं, हे अविश्वासाचं लक्षण नाही. शरीराने जे लक्षात ठेवलंय ते बोलतंय. असं आठवड्यामागून आठवडे चाललं, झोप उडाली, कामात लक्ष लागेना, तर प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तो ख्रिस्तीच असला पाहिजे असं नाही. तुमच्या विश्वासाचा मान ठेवणारा मात्र असावा. ‘समुपदेशन सेवा’ चालवणारे पाळक मनाने भले असले तरी या कामाचं प्रशिक्षण सगळ्यांकडे नसतं. त्याबद्दल विचारायला संकोच करू नका.

मग मंडळीत जाणं काही काळ थांबवलं तर? थांबवा. लगेच कोणीतरी इब्री १०:२५ आणून देईल, एकत्र मिळणं सोडू नका. खरं आहे, सोडू नका. पण दोघे-तिघे एका घरात बसून स्तोत्र वाचतात तेही एकत्र मिळणंच आहे, आणि दोघे-तिघे जमतात तिथे मी आहे हे खुद्द येशूचं वचन आहे. रविवार रिकामा मात्र ठेवू नका. त्या वेळेला चालायला जा, कोणाला भेटा, काहीतरी ठरवून ठेवा. सकाळी दहा वाजता घरात एकट्याने बसून ‘आता तिकडे प्रार्थना चालली असेल’ हा विचार करणं फार जड जातं.

## टप्पा ४: देवाचा आवाज आणि त्या माणसाचा आवाज वेगळा करा

विश्वास टिकतो की जातो ते बहुतेक इथे ठरतं. वर्षानुवर्षं एकाच माणसाने देवाच्या नावाने बोललं की मनात देवालाही त्याचाच आवाज येतो. मग त्या माणसापासून लांब जायचं तर देवापासूनही लांब जावं लागतं. हा गुंता सुटायला वेळ लागतो, पण त्याची पद्धत सोपी आहे.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे तुमच्या डोक्यात वाजणारं वाक्य. उजवीकडे तीन गोष्टी: हे कोणी म्हटलं, शास्त्रात कुठे आहे, आणि तिथे मागे-पुढे काय आहे. दिवसाला एकच वाक्य घ्या, जास्त नको. उदाहरणं देतो.

‘परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नको.’ अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला. हे स्तोत्र १०५:१५ मध्ये आहे. तिथे गोष्ट आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची, देशोदेशी भटकणाऱ्या मूठभर परक्यांची, आणि ताकीद आहे राजांना. म्हणजे देव तिथे दुबळ्याला बलवानापासून राखतो आहे. हिशेब विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला बलवानाने तेच वचन वापरावं, याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

‘प्रश्न विचारणं म्हणजे बंडखोरी.’ हे शास्त्रात नाही. उलट प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयातल्या लोकांची वाखाणणी आहे, कारण प्रेषित पौल सांगतो ते तसंच आहे का हे ते रोज शास्त्रात शोधून बघत. पौलाचं बोलणं तपासायला हरकत नव्हती, तर तुमच्या पाळकांचंही तपासायला हरकत नाही.

‘मंडळीने टाकलं म्हणजे देवाने टाकलं.’ योहान ९ पूर्ण वाचा. जन्मांध माणूस बरा होतो, धर्मपुढाऱ्यांसमोर खरं तेच सांगत राहतो, म्हणून ते त्याला बाहेर घालवतात. पुढच्याच ओवीत, त्याला बाहेर घातल्याचं ऐकून येशू त्याला गाठतो. ३ योहान हे तर जेमतेम पानभराचं पत्र आहे. त्यात दियत्रफेस नावाचा, पुढारीपणाची हाव असलेला माणूस चांगल्या लोकांना मंडळीबाहेर काढतो. हा प्रकार पहिल्या शतकातच सुरू झाला होता आणि तेव्हाही त्याला वाईटच म्हटलं होतं.

सोबत यहेज्केल ३४ ठेवा. कळपाला न पोसता स्वतःलाच पोसणाऱ्या मेंढपाळांवर देव तिथे इतका संतापलेला आहे की वाचताना वाटतं, आपण उगाच घाबरत होतो. तुमच्या रागाला तिथे सोबत मिळते.

सावधान: काही वाक्यं तपासल्यावर खरी निघतील. पाळकांनी सांगितलं म्हणून ती खोटी ठरत नाहीत. रागाच्या भरात सगळी शिकवण एकदम फेकून दिली, तर पुढे एकेक उचलून आणताना फार दमछाक होते.

## टप्पा ५: प्रार्थना लहान करा

तासभराची उपासना जमत नसेल तर पाच मिनिटं पुरेत. स्तोत्र १३ किंवा ८८ मोठ्याने वाचा आणि थांबा. शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करतो’ हे शेपूट सवयीने जोडू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेही जमलं नाही तर फक्त प्रभूची प्रार्थना म्हणा. शब्द शोधायला लागत नाहीत, हाच तिचा उपयोग.

बायबल वाचताना ‘त्यांचा’ आवाज कानात येत असेल तर वेगळं भाषांतर घ्या, किंवा दुसऱ्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण ऐका. खुणा केलेली जुनी प्रत काही महिने बंद राहू द्या. मार्कापासून सुरुवात बरी. सोळाच अध्याय आहेत, आणि येशू कोणाशी कसा वागला एवढंच बघत जायचं.

## टप्पा ६: तक्रार करायची का, आणि निरोप कसा घ्यायचा

आधी ठरवा, तुम्हाला काय हवंय: माफी, चौकशी, इतरांचा बचाव की फक्त नोंद? ‘त्यांना कळलं पाहिजे’ एवढ्यावर तक्रार करायला गेलात तर हात हलवत परत याल, कारण बऱ्याचदा त्यांना आधीच कळलेलं असतं.

तक्रार लेखी करा, दुसऱ्या टप्प्यातल्या नोंदींवरून, विशेषणं गाळून. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या वरच्या पायरीला द्या आणि भेटायला जाताना कोणाला तरी सोबत न्या. १ तीमथ्य ५:१९ मध्ये वडीलजनांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं आहे, ते तुम्हाला ऐकवतील. पुढची ओवी तुम्ही ऐकवा: पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दाखव.

कॅथलिक वाचकांसाठी एक मुद्दा. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या नियमांनुसार, धर्मगुरूंकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराची तक्रार घेणारी, लोकांना सहज पोहोचता येईल अशी व्यवस्था धर्मप्रांतांनी ठेवायची आहे, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही. ‘चर्चची बदनामी नको, कोणाला बोलू नका’ असं कोणी म्हणालं, तर ते चर्चच्याच नियमांविरुद्ध बोलत आहेत.

स्वतंत्र मंडळ्यांमध्ये बहुधा वरची पायरीच नसते. पाळक, त्यांची पत्नी, मेहुणा, हीच कमिटी. तिथे लेखी तक्रारीचा उपयोग नोंदीपुरताच. गुन्हा असेल तर पोलीस, नसेल तर निरोप.

निरोपाचं पत्र जितकं लहान तितकं बरं. ‘मी आजपासून मंडळीचं सदस्यत्व आणि गायनसेवा सोडत आहे. माझ्याकडचं साहित्य परत दिलं आहे. याविषयी भेट किंवा फोन नको, ही विनंती.’ बस. कारणं लिहिलीत की ती खोडून काढायला लोक घरी येतात.

नेहमीची चूक: रात्री अकरा वाजता फेसबुकवर सगळं लिहिणं. सार्वजनिक बोलणं कधी कधी गरजेचं असतं, पण ते दुसऱ्या कोणाला आधी वाचायला देऊन, दिवसा, आणि गुन्ह्याचं प्रकरण असेल तर वकिलाला विचारून.

जोडीदार किंवा आईवडील अजून तिथेच जात असतील तर त्यांना बाजू निवडायला लावू नका. एवढंच मागा: घरी त्या मंडळीच्या बातम्या मला सांगू नका, माझ्या तिकडे सांगू नका.

## टप्पा ७: आता क्षमा

क्षमा इतक्या उशिरा का? कारण काय घडलं हेच धड न सांगता केलेली क्षमा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःच्या हाताने. क्षमेत सूड घेण्याचा हक्क देवाच्या हवाली करायचा असतो. समेटाला दोन्ही बाजू लागतात. भरवसा तर पुन्हा कमवावाच लागतो. या तिन्हींची सरमिसळ करून ‘क्षमा केलीस ना, मग परत ये’ असं म्हणतात. तिथे फसू नका.

१ शमुवेल २४ बघा. एन-गेदीच्या गुहेत, जिवावर उठलेला शौल राजा हाती लागलेला असताना दावीद त्याला मारत नाही. मग बाहेर येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याचा अन्याय सांगतो. शौल रडतो, चूक कबूल करतो. आणि त्यानंतर? शौल घरी जातो, दावीद आपल्या गडावर. राजवाड्यात परत जात नाही. पुढे दोनच अध्यायांनी शौल पुन्हा त्याच्या मागे लागलेला दिसतो, म्हणजे दावीदाचा अंदाज बरोबर होता. योसेफाने तर भावांना ओळख देण्याआधी पारखून घेतलं. आणि पौल २ तीमथ्य ४ मध्ये आलेक्सांद्र तांबटाचा न्याय प्रभूवर सोपवतो, पण त्याच दमात तीमथ्याला सांगतो, तूही त्याच्यापासून जपून राहा.

करायचं असं: दुसऱ्या टप्प्यातलं पान काढा, एका वेळी एकच घटना वाचा, आणि प्रार्थनेत ती नाव घेऊन देवाच्या हवाली करा. सगळं एकदम नको. पुढच्या महिन्यात राग परत आला तर क्षमा खोटी होती असं नव्हे, आणखी एक घटना वर आली एवढंच. समोरच्याला ‘मी तुम्हाला क्षमा केली’ असं कळवायची गरज नाही. त्याने माफी मागितलेली नसेल तर असा निरोप बहुधा नवं भांडण आणतो.

## टप्पा ८: पुन्हा मंडळीत

आगीतून फुफाट्यात जायचं नसेल तर नव्या ठिकाणी आधी नुसतं बसा. मागे, दाराजवळ. पहिल्या काही महिन्यांत कुठलीही सेवा घेऊ नका. तुम्ही गाता, शिकवता हे कळलं की मागणी येणारच, आणि उपयोगी पडण्याची ओढ तुम्हालाही असेल. प्रभूभोजनाला पुढे जावंसं वाटलं नाही तर बसून राहा.

नवी मंडळी पारखताना उपदेश किती छान आहे ते सगळ्यात शेवटी बघा. आधी हे:

- वर्षाचा हिशेब सदस्यांसमोर ठेवला जातो का?
- पाळकांना कोण प्रश्न विचारू शकतं, आणि शेवटचा कधी विचारला होता?
- सोडून गेलेल्यांबद्दल कसं बोलतात? प्रत्येक जण ‘थंड पडलेला’ किंवा ‘बंडखोर’ असेल तर उद्या तुम्हीही तेच.
- मुलांसोबत एकट्या मोठ्या माणसाला बंद खोलीत बसू देतात का?

जुनी हकीकत पहिल्याच भेटीत सांगू नका. ‘आधीच्या मंडळीत त्रास झाला, म्हणून हळूहळू येतोय’ एवढं पुरे. लगेच नावं विचारणारा आणि ‘आमच्याकडे असं काही नसतं’ म्हणणारा, दोघांपासूनही थोडं अंतर ठेवा.

मग एक छोटी परीक्षा घ्या. काहीतरी मागितलं जाईल, शनिवारी खुर्च्या मांडायला या किंवा गृहसभा तुमच्या घरी ठेवू या. एकदा ‘नाही, या वेळी जमणार नाही’ म्हणा. कारण देऊ नका. ‘बरं, हरकत नाही’ म्हणून दुसऱ्याला विचारलं, तर पुढच्या रविवारी या. चेहरा पडला, पुढच्या उपदेशात समर्पणावर दोन वाक्यं जास्त आली, किंवा कोणीतरी काळजीने फोन करून ‘सगळं ठीक आहे ना?’ म्हणत कारण खणून काढायला लागलं, तर तीही नोंद वहीत करा आणि शोध चालू ठेवा.